सांस्कृतिक धोरण : शासनाचे काम कोठे सुरू होते, कोठे संपते?

रस्ते, धरणे, दवाखाने आणि शाळा ही शासनाची कामे आहेत, याविषयी लोकशाहीत फारसा वाद होत नाही. संस्कृतीविषयी मात्र तसे एकमत नाही. भाषा, साहित्य, नाटक, सण, स्मारके आणि लोककला या गोष्टी समाजाने घडवलेल्या असतात. त्या शासनाच्या आज्ञेने जन्माला येत नाहीत. तरीही ग्रंथालयाचे अनुदान, नाट्यगृहाचे भाडे, शाळेतील माध्यम, पुरस्कारांची निवड, गडकिल्ल्यांची डागडुजी असे शेकडो निर्णय शासनाला रोज घ्यावेच लागतात. सांस्कृतिक धोरण लेखी नसले तरी ते अस्तित्वात असतेच. अंदाजपत्रकातील तरतुदींतून आणि शासन निर्णयांतून ते दिसत राहते. त्यामुळे ते कोणाला विचारून ठरते, कोणासाठी राबवले जाते आणि त्याला मर्यादा कोणत्या, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

अनेक भाषा, धर्म, जाती आणि जमाती एकत्र नांदणाऱ्या समाजात हे प्रश्न अधिक नाजूक होतात. सार्वजनिक पैसा सर्वांचा असतो. मात्र सांस्कृतिक निर्णयांत एखाद्याच गटाची स्मृती, एखादीच बोली किंवा एखादीच कला 'आपली' ठरण्याचा धोका असतो. महाराष्ट्राने २०१० आणि २०२४ अशी दोन वेळा लेखी सांस्कृतिक धोरणे जाहीर केली. त्या निमित्ताने या विषयाची मूलतत्त्वे, घटनात्मक चौकट आणि राज्यातील अनुभव एकत्र पाहणे उपयुक्त ठरेल.

तीन प्रमुख नमुने

दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य लोकशाही देशांत सांस्कृतिक धोरणाचे ढोबळमानाने तीन नमुने पुढे आले. पहिला ब्रिटनचा. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या पुढाकारातून १९४६ मध्ये तेथे आर्ट्‌स कौन्सिल स्थापन झाली. सरकारने निधी द्यायचा, पण तो कोणत्या कलाकृतीला मिळावा हे मंत्र्याने नव्हे, तर स्वायत्त मंडळाने ठरवायचे, हे या व्यवस्थेचे सूत्र. दुसरा नमुना फ्रान्सचा. तेथे १९५९ मध्ये स्वतंत्र सांस्कृतिक मंत्रालय निर्माण झाले आणि लेखक आंद्रे मालरो त्याचे पहिले मंत्री झाले. उत्तम कलाकृती सर्व नागरिकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी येथे राज्याने थेट स्वीकारली. तिसरा अमेरिकेचा. कलेसाठीचा राष्ट्रीय निधी तेथे १९६५ मध्ये सुरू झाला. तरी संग्रहालये, वाद्यवृंद आणि नाट्यसंस्था यांचा मोठा भार खासगी देणग्या आणि त्यांना मिळणाऱ्या करसवलती यांवरच राहिला.

प्रत्येक नमुन्याचे गुण आणि दोष ठरलेले आहेत. ब्रिटिश पद्धतीत मंत्र्याचा हस्तक्षेप टळतो. मात्र निवड करणाऱ्या जाणकारांचे वर्तुळ लहान राहिले, तर त्यांचीच अभिरुची सर्वांची मानली जाते. फ्रेंच पद्धतीत निधी भक्कम असतो, पण राजधानीचा वरचष्मा राहतो. अमेरिकी पद्धतीत शासनाचा दबाव कमी आणि देणगीदाराचा जास्त, असा प्रकार होऊ शकतो.

विविधतेचा प्रश्न या तिन्ही नमुन्यांना पुढे स्वतंत्रपणे हाताळावा लागला. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा केला. युनेस्कोने सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या वैविध्याविषयीचा करार २००५ मध्ये संमत केला. भारत त्यात सहभागी आहे. संस्कृती म्हणजे केवळ अभिजात कला नव्हे, तर समाजाची जीवनपद्धती, श्रद्धा आणि मूल्येही, ही व्यापक व्याख्या १९८२ च्या मेक्सिको परिषदेपासून सर्वमान्य झाली आहे.

राज्यघटनेची चौकट

भारताच्या राज्यघटनेत 'सांस्कृतिक धोरण' असा स्वतंत्र भाग नाही. मात्र त्याची चौकट अनेक अनुच्छेदांत विखुरलेली आहे. अनुच्छेद १९ अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि त्यावरील वाजवी निर्बंधांची कारणेही मोजून सांगतो. अनुच्छेद २९ नुसार स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या कोणत्याही नागरिकगटाला ती जतन करण्याचा हक्क आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकतो. संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जपणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे ही १९७६ पासून नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आहेत. येथे संसदेने 'संमिश्र' हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे.

अधिकारांची वाटणीही लक्षात घ्यावी लागते. ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, नाट्यगृहे आणि नाट्यप्रयोग हे विषय मुख्यतः राज्यांच्या सूचीत आहेत. चित्रपटांना प्रदर्शनाचा दाखला देणे आणि राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके हे केंद्राकडे आहेत. केंद्राने १९५० च्या दशकात संगीत नाटक अकादमी, साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी या तीन संस्था उभ्या केल्या. निधी शासनाचा आणि कारभार कलावंत-लेखकांचा, हीच त्यांमागची कल्पना होती. या स्वायत्ततेची परीक्षा २०१५ मध्ये झाली. कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी यांची त्या वर्षी ऑगस्टमध्ये हत्या झाल्यानंतर साहित्य अकादमी गप्प राहिल्याचा आक्षेप घेत देशभरातील अनेक लेखकांनी पुरस्कार परत केले. अखेर ऑक्टोबरमध्ये अकादमीच्या कार्यकारी मंडळाने हत्येचा निषेध करणारा ठराव केला. स्वायत्त संस्थेला केवळ निधी पुरत नाही, तिला नैतिक आवाजही लागतो, हे या घटनेने दाखवले.

महाराष्ट्राची संस्थात्मक उभारणी

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना केली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना अध्यक्ष नेमले. संस्कृत पंडित, समाजप्रबोधनाचे पुरस्कर्ते आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांशी नाते सांगणारे तर्कतीर्थ सुमारे दोन दशके त्या पदावर होते. मराठी विश्वकोशाचे काम याच मंडळात सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. पुढे १९८० मध्ये विश्वकोशासाठी वेगळे मंडळ झाले आणि विसावा खंड २०१५ मध्ये पूर्ण झाला. जवळजवळ चार दशकांचे हे काम कोणत्याही एका सरकारच्या कारकिर्दीत मावणारे नव्हते. सांस्कृतिक संस्थांना दीर्घ मुदतीचे संरक्षण का लागते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

याच काळात राजभाषा अधिनियम (१९६४) आणि सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम (१९६७) हे दोन महत्त्वाचे कायदे झाले. राज्यातील शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. या योजनेचे वैशिष्ट्य असे, की ग्रंथालये लोकांनी स्थापन केलेल्या संस्था चालवतात आणि शासन त्यांना हातभार लावते. राज्य नाट्य स्पर्धेमुळे जिल्ह्याजिल्ह्यांतील हौशी रंगभूमीला व्यासपीठ मिळाले. राज्य मराठी विकास संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. हौशी संघ, वाचनालये आणि स्पर्धा यांचे हे जाळे बातम्यांत क्वचितच येते. परंतु राज्याच्या सांस्कृतिक धोरणाचा खरा पाया तेच आहे.

'आपली संस्कृती' कोणाची?

संस्था उभ्या राहिल्या, तरी त्यांत कोणाचा समावेश होतो हा प्रश्न उरतोच. मराठी समाजात तो जुना आहे. पहिली ग्रंथकार सभा १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. दुसऱ्या सभेचे निमंत्रण १८८५ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे लोक सर्वांचे मानवी हक्क प्रत्यक्षात मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी शूद्रातिशूद्रांच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, तर १९९९ मध्ये धारावीत बाबूराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलनाला सुरुवात झाली. मुख्य मंडपात जागा नसल्याची भावना दर पिढीत नव्या मंडपाला जन्म देत आली आहे.

आकडेही हेच सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे ६९ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. उरलेल्यांत हिंदी, उर्दू, गुजराती, तेलुगू, कन्नड, सिंधी बोलणाऱ्यांबरोबरच भिली, गोंडी, कोरकू, कोलामी अशा आदिवासी भाषा बोलणारे आहेत. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९ टक्क्यांहून अधिक आहे. मराठीत जिला आपण 'प्रमाण भाषा' म्हणतो, तिच्याभोवती अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली यांचे मोठे विश्व आहे. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने देशात ७८० भाषा नोंदवल्या. आठव्या अनुसूचीत त्यांपैकी २२ भाषांनाच स्थान आहे; मोठ्या प्रमाणावर बोलली जाणारी गोंडीही त्यात नाही. गोंडी किंवा कोरकू बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यासाठी प्रमाण मराठी ही परकी भाषा असते. 'मराठीचे संरक्षण' आणि 'या मुलाची मातृभाषा' ही दोन्ही शासनाची कर्तव्ये आहेत. ती परस्परांविरुद्ध उभी करणे हे धोरणाचे अपयश ठरेल.

दोन लेखी धोरणे

राज्याचे पहिले सर्वंकष लेखी सांस्कृतिक धोरण डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २०१० मध्ये जाहीर झाले. मराठी भाषेसाठी मंत्रालयात स्वतंत्र विभाग २०१० मध्येच अस्तित्वात आला. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळवण्यासाठी २०१२ मध्ये प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तो दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांचाही समावेश होता. शिफारस, समिती, पाठपुरावा आणि निर्णय यांत गेलेली वर्षे पाहता, धोरणाच्या कागदाइतकेच त्याच्यामागचे सातत्य मोलाचे असते, हे ध्यानात येते.

पुढचे धोरण डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून २०२४ मध्ये आले. दोन्ही समित्यांच्या अध्यक्षांची वैचारिक पार्श्वभूमी परस्परांहून अगदी भिन्न आहे. सत्ताबदलानंतर धोरणाचा सूर बदलतो, हे लोकशाहीत स्वाभाविक आहे. मात्र ग्रंथालयांचे अनुदान, बोलींचे दस्तावेजीकरण, वृद्ध कलावंतांचे मानधन, नाट्यगृहांची देखभाल अशा गोष्टींना वैचारिक रंग नसतो. त्या प्रत्येक धोरणात पुन्हा लिहाव्या लागत असतील, तर आधीच्या अंमलबजावणीचा हिशेब मांडला गेला नाही, असाच त्याचा अर्थ होतो. मागील धोरणातील किती शिफारशी पूर्ण झाल्या, किती रखडल्या आणि का, याचा जाहीर ताळेबंद विधिमंडळापुढे येणे ही पुढील धोरणाची पहिली अट असायला हवी.

भाषा : सक्ती, हक्क आणि परस्परभाव

सांस्कृतिक धोरणातील सर्वांत ज्वलंत विषय अर्थातच भाषेचा. राज्यातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा २०२० मध्ये झाला. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठीचा वापर बंधनकारक करणारा कायदा २०२२ मध्ये आला. त्यानंतर १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करण्याचा प्रयत्न झाला. शिक्षणतज्ज्ञ, लेखक, पालक आणि राजकीय पक्ष यांचा विरोध वाढल्यावर जूनमध्ये आधी त्यात बदल करण्यात आला आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याची घोषणा झाली. आधी निर्णय, मग विरोध आणि शेवटी समिती, असा हा क्रम होता. लोकशाहीतील धोरणाचा क्रम नेमका याच्या उलट असायला हवा.

त्याच एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. नगरपरिषदेच्या नव्या इमारतीच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू मजकूर असण्याला आक्षेप घेण्यात आला होता. मराठीचा वापर बंधनकारक करणारा २०२२ चा कायदा तिच्या जोडीला दुसरी भाषा वापरण्यास मनाई करत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती समाजाची आणि प्रदेशाची असते, ही भूमिकाही निकालात मांडण्यात आली.

या निकालाचा मराठी भाषकांशी आणखी एका अंगाने संबंध आहे. बेळगाव आणि सीमाभागातील मराठी भाषक सरकारी कागदपत्रे आणि फलक मराठीतही असावेत, अशी मागणी वर्षानुवर्षे करत आहेत. त्यासाठी ते भाषिक अल्पसंख्याकांच्या घटनात्मक हक्कांचाच आधार घेतात. पातूरमध्ये जे तत्त्व उर्दूला लागू होते, तेच बेळगावात मराठीला लागू होते. राज्यात बहुसंख्य असलेली भाषा सीमेपलीकडे अल्पसंख्य होते. त्यामुळे अल्पसंख्याकांचे हक्क जपण्यात प्रत्येक भाषकाचे हित गुंतलेले असते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरवली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद केली. हा तोडगा वादातीत नाही. रोमन लिपीतील कोकणीला मान्यता मिळावी ही मागणी तेथे कायम आहे. तरी दोन भाषांना एकाच कायद्यात जागा देता येते, हे त्यातून दिसते.

स्वातंत्र्य, बंदी आणि पुरस्कार

संस्कृतीला मदत करणारे शासनच तिच्यावर नियंत्रणही ठेवू पाहते, हा या विषयातील मूळ पेच आहे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकावरून १९७२ पासून झालेला संघर्ष मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. ज्या राज्याने हौशी रंगभूमीला स्पर्धेचे व्यासपीठ दिले, त्याच राज्यात हा प्रसंग घडला.

ग्रंथबंदीचा अनुभवही बोलका आहे. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरून उसळलेल्या वादात ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखितांच्या संग्रहाची हानी झाली. राज्य शासनाने पुस्तकावर बंदी घातली. ती उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुस्तकातील मजकुराविषयीचा संताप समजण्यासारखा होता; परंतु ज्या संस्थेने महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने जपली, तिचेच नुकसान झाले. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे नमून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, तिचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यातच सांगितले होते.

बंदीपेक्षा सौम्य, पण तितकाच परिणामकारक मार्ग म्हणजे मदत काढून घेणे. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला डिसेंबर २०२२ मध्ये राज्याचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला. पुस्तकातून नक्षलवादाचे उदात्तीकरण होते, असा आक्षेप येताच काही दिवसांत शासनाने पुरस्कार रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. त्यानंतर भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख, तसेच साहित्य संस्कृती मंडळातील प्रज्ञा दया पवार, नीरजा आदी सदस्यांनी राजीनामे दिले. त्या पुस्तकाविषयी मतभेद असू शकतात. मात्र तज्ज्ञांनी केलेली निवड मंत्रालयात बदलली, तर यापुढच्या समित्या गुणवत्तेऐवजी शासनाच्या पसंतीचा अंदाज बांधू लागतील. त्या स्थितीत पुरस्कार उरतो, त्याची प्रतिष्ठा उरत नाही.

साहित्य संमेलनांनाही हा प्रश्न भेडसावतो. यवतमाळ येथील संमेलनाच्या उद्‌घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण जानेवारी २०१९ मध्ये मागे घेण्यात आले आणि अनेक साहित्यिकांनी संमेलनावर बहिष्कार घातला. तेथे निर्णय आयोजकांच्या पातळीवर झाला होता. स्वायत्तता केवळ शासनाकडून मिळवायची नसते, ती संस्थांनी स्वतःही सांभाळायची असते, हा त्याचा धडा.

धोरणाच्या कसोट्या

या सर्व अनुभवांतून लोकशाहीतील सांस्कृतिक धोरणाच्या काही कसोट्या स्पष्ट होतात.

पहिली कसोटी अंतराची. निधी, इमारती आणि कायदा ही शासनाची जबाबदारी. निवड, संपादन आणि गुणवत्तेचा निर्णय स्वायत्त मंडळांचा. मंडळांवरील नियुक्त्यांची मुदत निश्चित असावी, निकष जाहीर असावेत आणि सरकार बदलले म्हणून मंडळे बरखास्त होऊ नयेत.

दुसरी कसोटी समावेशाची. भाषा, प्रदेश, जात, जमात आणि स्त्री-पुरुष यांचे प्रतिनिधित्व समित्यांत प्रत्यक्ष दिसले पाहिजे. वारली चित्रकलेचे नमुने सरकारी भिंतींवर रंगवणे सोपे आहे. त्या कलेविषयीच्या निर्णयात वारली कलावंताला स्थान देणे हे धोरण आहे. तमाशाला लोककला म्हणून गौरवायचे, पण फडमालकाला कर्जाच्या विळख्यात सोडायचे, ही विसंगती टिकू नये.

तिसरी कसोटी वाटपाची. भव्य स्मारके आणि महोत्सव यांकडे शासनाचा ओढा असतो, कारण ते दिसतात. तालुक्याच्या ठिकाणचे वाचनालय, गळके नाट्यगृह किंवा अप्रकाशित बोलीकोश दिसत नाहीत. 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांचा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, ही अभिमानाची बाब आहे. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. परंतु यादीतील नावापुढची जबाबदारी म्हणजे दरवर्षीची देखभाल, आणि तीच सर्वांत कमी चर्चिली जाते.

चौथी कसोटी उत्तरदायित्वाची. धोरणाचा मसुदा जनतेपुढे यावा, हरकती-सूचनांची दखल कशी घेतली ते प्रसिद्ध व्हावे आणि दर काही वर्षांनी अंमलबजावणीचा अहवाल यावा.

पाचवी आणि सर्वांत अवघड कसोटी संयमाची. शासनाने समाजाची अभिरुची घडवण्याचा हट्ट धरू नये आणि समाजाच्या नावाने कोणी कलावंताला धमकावू लागला, तर तटस्थ राहू नये. पहिल्या बाबतीत मागे राहणे आणि दुसऱ्या बाबतीत पुढे येणे, हे दोन्ही एकाच कर्तव्याचे भाग आहेत.

राज्यस्थापनेच्या वर्षी साहित्य संस्कृती मंडळ उभे करताना अध्यक्षपदासाठी निवड झाली ती स्वतंत्र प्रज्ञेच्या विद्वानाची. त्या निर्णयाचे फळ विश्वकोशाच्या वीस खंडांच्या रूपाने आजही वाचकांच्या हाती आहे. फुल्यांनी १८८५ मध्ये विचारलेला प्रश्न मात्र तितकाच जुना आणि तितकाच ताजा आहे. पुढील प्रत्येक सांस्कृतिक धोरणाचे मूल्यमापन त्याने किती महोत्सव भरवले यावरून नव्हे, तर आजवर मंडपाबाहेर उभे असलेल्यांपैकी किती जणांना ते मंडप आपले वाटू लागले, यावरून व्हायला हवे.